तारा जुळत नाही

यंत्र बिघडले तर चूक कोणाची, या प्रश्नाचे उत्तर जगातल्या तमाम कंपन्यांनी एकमताने केव्हाच देऊन टाकले आहे. चूक गिऱ्हाइकाची. मिक्सर जळला? तुम्ही खोबरे जास्त घातलेत. पंखा घरघरतो? तुमच्याकडचे व्होल्टेज वाईट. घड्याळ मागे पडते? तुमचा हातच तसा! या परंपरेचा कळस कॉम्प्युटरवर चालणाऱ्या दुर्बिणीच्या माउंटमध्ये पाहायला मिळतो, असे माझे अनुभवान्ती ठाम मत झाले आहे.

माउंट म्हणजे काय, ते आधी सांगतो. दुर्बिणीची नळी ही नवरदेवासारखी असते. सगळे तिच्याकडे बघतात, पण तिला पाठीवर घेऊन चालणारा घोडा निराळा असतो. तो घोडा म्हणजे माउंट. पृथ्वी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत स्वतःभोवती एक गिरकी घेते, त्यामुळे आकाश तासाला सुमारे १५ अंश सरकते. दोनशे पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून आपल्याला आकाशाचा जेमतेम पाव अंशाचा तुकडा दिसतो. म्हणजे एका कडेने आत आलेला शनी एका मिनिटात दुसऱ्या कडेने चालता होतो. रांगेत चाळीस मुले उभी असली, तर चाळीस वेळा शनी हुडकून आणावा लागतो. म्हणून माउंटला मोटारी बसवल्या आणि मोटारींच्या डोक्यावर कॉम्प्युटर बसवला. कल्पना उत्तम आहे. तिच्याशी माझे भांडण नाही. उगाच 'जुने ते सोने' म्हणून गळा काढणाऱ्यांतला मी नव्हे; जुन्या लेजरांची धूळ मी नाकाने मोजली आहे.

माझे भांडण पुढच्या कारभाराशी आहे.

आमच्या भागातल्या काही हौशी मंडळींनी वर्गणी काढून असे एक माउंट घेतले आणि मला खजिनदार केले. बँकेतल्या माणसाला आयुष्यभर दोनच पदे मिळतात, घरी आज्ञाधारक आणि बाहेर खजिनदार. खोक्यावर छापले होते की, यंत्राला चाळीस हजार आकाशस्थ वस्तूंचे पत्ते पाठ आहेत. आमच्या पोस्टमनला चाळीस बिऱ्हाडांचे पाठ नाहीत, तेव्हा आम्ही भारावून गेलो. बटण दाबताच यंत्राने पहिला प्रश्न विचारला: ठळक तारे ओळखून दाखवा!

वाचकहो, यातली गंमत लक्षात घ्या. ज्याला तारे ओळखता येत नाहीत, त्याच्यासाठी यंत्र आणले. आणि यंत्र म्हणते, आधी दोन तारे नेमके मध्यावर आणून दे, मग बाकीचे चाळीस हजार मी दाखवतो. आमच्याकडेही कर्ज त्यालाच मिळते ज्याला त्याची गरज नाही, पण आम्ही निदान ते खोक्यावर छापत नाही.

बरे, ताऱ्यांची नावे तरी कशी? आर्क्टुरस, स्पायका, अल्डेबरान. कालनिर्णय चाळलेल्या कोणत्याही गृहिणीला स्वाती, चित्रा, रोहिणी ही नावे ठाऊक असतात. तेच हे तारे. आमच्या हिने गच्चीवर येऊन एका दमात मघा, ज्येष्ठा, श्रवण दाखवले, आणि यंत्राच्या यादीत त्यांतला एकही नव्हता. रेग्युलस, अँटेरीस आणि आल्टेअर मात्र होते. चाळीस हजारांची यादी करणाऱ्याला सत्तावीस नावांचे ओझे झाले असावे.

त्यानंतर माउंटची चोच ध्रुवाकडे करायची. पुण्याचा अक्षांश साडेअठरा, म्हणून ध्रुव क्षितिजापासून फक्त साडेअठरा अंश वर. तेवढ्या उंचीवर आमच्या उत्तरेला शेजारच्या सोसायटीची पाण्याची टाकी आहे. काही माउंट तर इतके खाली वाकायलाच तयार नसतात. वाकवलेच तर मागचा वजनाचा दांडा तिपाईच्या पायावर आपटतो. बनवणाऱ्यांनी आपापल्या थंड मुलखातला उंच ध्रुव डोळ्यांपुढे ठेवलेला असतो. शिवाय ज्याला आपण अढळपद म्हणतो, तो ध्रुवताराही खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिकच बाजूला आहे. त्याचा हिशोब वेगळा धरावा लागतो. उत्तानपादाच्या घरी हे कळवायची माझी हिंमत नाही.

आता मुख्य मुद्दा. समजा, यंत्र ताऱ्याकडे वळले आणि चुकले. पाटीवर इंग्रजीत अक्षरे येतात: 'अलाइनमेंट फेल्ड'. झाले, खेळ खलास. का फेल? किती मार्कांनी? कोणत्या विषयात? काही नाही.

मी कॉमर्सचा माणूस. आमच्याकडे ट्रायल बॅलन्स जुळला नाही, तर आम्ही नशिबाला दोष देत नाही. फरकाची रक्कम बघतो. फरकाला ९ ने भाग गेला, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, ७२ चे २७. फरकाच्या निम्म्याची नोंद सापडली, तर ती नावेऐवजी जमेला पडली असावी. चूक स्वतःच आपला पत्ता सांगते, फक्त तिच्याशी सभ्यपणे बोलावे लागते. आकाशाचेही तेच आहे. पहिल्याच ताऱ्याकडे वळताना नळी साडेसात अंशांनी चुकली, तर ती अर्ध्या तासाची चूक. आपली घड्याळे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. कोणी नुसते पाच भरले, तर आकाश साडेसात अंशांनी, म्हणजे पंधरा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मांडावेत इतके सरकते. चूक १५ अंशांची असेल, तर 'उन्हाळी वेळ' नावाचे परदेशी खूळ चालू राहिले आहे. आपल्याकडे ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येऊन गेले, आता नाही. चूक ९० अंशांच्या आसपास असेल, तर तारीख बघा. यंत्राला महिना आधी लागतो आणि आपल्याला दिवस. ७ एप्रिलची ४ जुलै झाली की ८८ दिवस गेले, आणि आकाश रोज जवळजवळ एक अंश पुढे जाते. आणि रेखांशापुढे 'पूर्व'ऐवजी 'पश्चिम' पडले, तर पुण्यातली गच्ची उचलून थेट हैती देशात ठेवली जाते. नकाशा काढून बघा, अक्षांश-रेखांश बरोबर तिथे पडतात.

बारावीला गणित सोडलेल्या माणसाला जर हे कागदावर मांडता येते, तर चाळीस हजार पत्ते पाठ असलेल्या यंत्राला का येऊ नये? 'मालक, मी साडेसात अंशांनी चुकतो आहे, वेळेचा अर्धा तास तपासा', एवढे एक वाक्य त्याच्या तोंडून का निघू नये? निघत नाही, कारण वाक्य बोलले की जबाबदारी येते. 'फेल्ड' म्हटले की ती गिऱ्हाइकाकडे जाते.

हे सगळे विनोदावारी नेता आले असते. पण गेल्या हिवाळ्यात आमच्या मंडळींनी एका खेड्यातल्या शाळेत कार्यक्रम ठरवला. मैदानावर चाळीस-पन्नास मुले, काही आया, स्वेटर नसल्यामुळे चादर पांघरून आलेला एक चिमुरडा. आम्ही तारीख, वेळ, रेखांश, सर्व तिघांनी तीनदा तपासले होते. मी तर सवयीप्रमाणे तांबड्या शाईने बरोबरच्या खुणासुद्धा केल्या होत्या. यंत्र पहिल्या ताऱ्याकडे नीट गेले. दुसऱ्याकडे निघाले आणि थांबेचना. नळी गरगरत खाली आली आणि मुख्याध्यापकांच्या पोटाकडे रोखली गेली. पाटीवर 'नो रिस्पॉन्स'. बंद करून पुन्हा चालू केले, तर हीच कथा. शेवटी पेच सैल करून नळी हाताने फिरवायला घेतली, तोवर ढग आले. मुले गुपचूप घरी गेली. कोणी हट्ट केला नाही, हेच जास्त लागले. शहरातल्या मुलाचा शनी चुकला, तर त्याचा बाप पुढच्या रविवारी त्याला तारांगणात नेतो. या मुलांकडे शनी पुन्हा कधी जायचा?

मी कंपनीला फोन लावला. अर्धा तास सतार ऐकवल्यावर एक गोड आवाज आला.

"सर, रीस्टार्ट करके देखा?"

"हो."

"सर, डेट ठीक डाला था?"

"हो. तांबड्या शाईने."

"सर, फिर यूजर एरर होगा."

पुढे पत्रव्यवहार झाला. पत्रव्यवहारात मी कोणाला हार जात नाही. सहाव्या पत्राला उत्तर आले की, संपूर्ण सर्किट बोर्ड बदलावा लागेल, खर्च साडेअठरा हजार, वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली आहे, आणि नकाशा, म्हणजे सर्किटचा, देता येत नाही, कारण तो गोपनीय आहे. आकाशाचा नकाशा खुला आणि डबीतल्या चार तारांचा गोपनीय!

आमच्या वाड्यात टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी मल्टिमीटर आणला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास, तर काय सुधारले ते कळत नाही."

आधी बॅटरी बदलली. दोन्ही मोटारी एकदम जोरात धावल्या की त्या जास्त करंट ओढतात. सेल दमलेले असले तर व्होल्टेज पडते आणि कंट्रोलरला भ्रम होतो. तो त्रास इथे नव्हता. मग दोन्ही मोटारींच्या केबलींची अदलाबदल केली, तर रोग केबलीबरोबर दुसऱ्या मोटारीकडे गेला! काकांनी केबलीचे टोक भिंगाखाली धरले. टेलिफोनच्या पिनेसारखे ते टोक, आणि त्यातली एक पितळी पट्टी पावसाळी दमटपणाने हिरवी पडली होती. मोटार किती फिरली याची खबर त्या पट्टीतून परत यायची. खबर येईना, म्हणून मोटार आपली फिरतच राहिली. सरकारी खात्याच्या माणसाला हे लगेच उमगले, यात नवल नाही. नवी केबल चाळीस रुपयांना पडली. साडेअठरा हजार वजा चाळीस, बाकी अठरा हजार चारशे साठ. याला ९ ने भाग जात नाही, म्हणजे ही आकड्यांची अदलाबदल नव्हे. ही निराळीच गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, इतके नाजूक यंत्र, चुका व्हायच्याच. मान्य. हबल दुर्बीण १९९० मध्ये वर गेली, तेव्हा तिचा आरसा कडेला २.२ मायक्रॉनने चुकीचा घासलेला निघाला. त्यांनी 'यूजर एरर' म्हटले नाही. समिती बसवली, आरसा तपासायचे उपकरणच चुकीचे जुळवले गेले होते, हे शोधले, छापून जाहीर केले, आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर वर जाऊन दुरुस्ती करून आले. चूक लाजिरवाणी नसते. ती दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे लाजिरवाणे असते.

आणि ज्यांना वाटते, सामान्य माणसाला आतले कळून काय करायचे आहे, त्यांनी जॉन डॉब्सन यांचे नाव आठवावे. हा माणूस सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीच्या मठात तेवीस वर्षे संन्यासी होता. मठात असतानाच टाकाऊ सामानातून दुर्बिणी करू लागला आणि बाहेर पडल्यावर फुटपाथवर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र दाखवू लागला. त्याची बैठक म्हणजे प्लायवुडचे खोके आणि घसरायला टेफ्लॉनचे तुकडे. ढकलली की फिरते, सोडली की थांबते, आणि बिघडली तर सुतार दुरुस्त करतो. तिला शनीमागे आपणहून धावता येत नाही, हे खरे. पण ती कधी मुख्याध्यापकांच्या पोटावर रोखली जात नाही.

मी कॉम्प्युटर फेकून द्या म्हणत नाही. शहराच्या उजेडात नुसत्या डोळ्यांना चार तारे दिसत नाहीत. तिथे यंत्र हवेच. माझ्या मागण्या साध्या आहेत. काय बिघडले ते वाक्यात सांगा. सर्किटचा नकाशा पुस्तिकेत छापा. केबल सुटी विका. आणि सत्तावीस नक्षत्रांची नावे घाला. मघा-ज्येष्ठांना जागा फार लागत नाही.

आमच्या बँकेला लोक काय काय बोलतात, ते मी काउंटरच्या अलीकडे बसून तीस वर्षांच्या ग्राहकाच्या तोंडूनही ऐकतो आणि ऐंशीच्या आजोबांच्या तोंडूनही. पण आमच्याकडेसुद्धा चेक परत करायचा, तर सोबत मेमो जोडावा लागतो आणि त्यावर कारण लिहावे लागते: पैसे अपुरे, तारीख चुकीची, सही जुळत नाही. कारण न लिहिता चेक परत केला, तर गिऱ्हाईक साहेबांच्या टेबलावर मूठ आपटते, आणि बरोबर करते. ज्या दिवशी दुर्बिणीवाले शनी परत पाठवताना तेवढा मेमो जोडतील, त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडण मिटवीन. तोवर माझे सातवे पत्र पोस्टाने गेले आहे, पोचपावतीसह.