मुलाखत झाली, जागाच गेली!

मुलाखत छान झाली, 'कळवतो' म्हणाले आणि महिन्याभराने समजलं की ती जागाच रद्द झाली. हे मी हल्ली बऱ्याच जणींकडून ऐकते. नापास केलं असतं तर निदान कळलं असतं. जागाच नाही म्हटल्यावर चिडायचं तरी कुणावर? घरचे मात्र लगेच म्हणतात, 'तूच काहीतरी बोलली असशील.'

नाही हो! बऱ्याचदा आपल्या बोलण्याचा यात काही संबंधच नसतो.

अनुदानित शाळांचंच बघा. तिथली शिक्षकांची पदं मुलांच्या पटावर ठरतात. ३० सप्टेंबरचा पट धरून संचमान्यता होते. पाच-दहा मुलं शेजारच्या इंग्रजी शाळेत गेली की पद उडालं. पद राहिलं तरी आधी दुसऱ्या शाळेतल्या अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन. मुलाखत देऊन आलेली बाई रांगेत मागेच.

खाजगीत वेगळी तऱ्हा. माणूस मागतं एक खातं, पगार मंजूर करतं दुसरं. जाहिरात, मुलाखती होईपर्यंत मोठी ऑर्डर हातची जाते, मग वरून 'सध्या थांबा' येतं. कधी राजीनामा दिलेला माणूस पगारवाढ घेऊन तिथेच राहतो. कधी मुलाखती घेताघेता साहेबांना वाटतं, हे काम आहेत त्या दोघींत वाटून टाकू. (त्या दोघींना कोण विचारतंय!) आणि कधी आतला माणूस आधीच ठरलेला असतो, मुलाखती नुसत्या दाखवायला. हे मला सगळ्यात वाईट वाटतं. बाकीच्यात निदान नाइलाज तरी असतो.

सरकारही याला अपवाद नाही. कोरोनात, ४ मे २०२० रोजी, राज्याच्या वित्त विभागाने आरोग्य खात्यासारखे अपवाद सोडून नवी भरती थांबवली होती.

कायदा काय म्हणतो? निवड यादीत नाव आलं म्हणजे नोकरीचा हक्क मिळाला असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९१ मध्ये शंकरसन दाश खटल्यात सांगितलं. पण सरकारला मनमानी करता येणार नाही, असंही बजावलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानेही तेच धरलं: जागा न भरण्याला खरं कारण हवं. हे सरकारी नोकरीपुरतं. गावातल्या पतपेढीला किंवा शोरूमला हे लागू करायला जाल तर हाती काही लागायचं नाही.

मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, तेवढंच बरं. पण बुडालेला रोज, शेजारणीकडे ठेवलेलं मूल, याचा हिशेब कोण देणार? म्हणून मुलाखतीतच सरळ विचारा: जागा मंजूर आहे का? आधीची व्यक्ती का गेली? रुजू कधी व्हायचं? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडचे अर्ज चालू ठेवा. आणि नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत आहे त्या नोकरीचा राजीनामा देऊ नका, 'तुमचं नक्की आहे' असं तोंडी कितीही सांगितलं तरी.