उपकेंद्रातली शिक्षिका

सकाळची एसटी फाट्यावर थांबते आणि नर्सिंग स्कूलच्या दहा-बारा मुली खाली उतरतात. खांद्याला पिशवी, पिशवीत रक्तदाबाचे यंत्र आणि केस बुक. ठरलेली घरे करायची, वजने घ्यायची, रकाने भरायचे आणि दुपारची गाडी गाठायची. धाराशिव जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. मुली मनापासून काम करतात, गावकरीही आडकाठी करीत नाहीत. प्रश्न एवढाच, की या फेरीतून मुलगी शिकते काय आणि जिच्या घराचा उंबरठा तिने ओलांडला त्या बाईला मिळते काय?

कागदावर उणे काही नाही. एएनएमचा अभ्यासक्रम २ वर्षांचा. त्यातले शेवटचे ६ महिने प्रत्यक्ष कामाचे. ३ वर्षांच्या जीएनएममध्येही सामुदायिक आरोग्य हा विषय आहेच. पण रुग्णालयात रोगी आपल्या पायांनी येतो, खेड्यात आपल्याला त्याच्यापर्यंत जावे लागते. हा फरक पुस्तकातून कळत नाही. गरोदर बाईला लोहाच्या गोळ्या दिल्या, नोंद झाली. त्या गोळ्या मात्र फळीवर तशाच पडून राहतात. कारण त्यांनी मळमळते, किंवा मूल फार मोठे होईल अशी सासूला धास्ती असते. ‘गोळ्या घेता ना?’ असे विचारले तर उत्तर ‘हो’ असेच येणार. ‘किती उरल्या, दाखवा बरं’ असे म्हणायचे असते, हे उपकेंद्रातल्या जुन्या सिस्टरला ठाऊक असते.

दसरा उलटला की वाशी, कळंब, भूम भागातली कुटुंबे ऊसतोडीला निघतात. लसीकरणाच्या यादीतली बाई ऐन दिवसांत कुठल्याशा कारखान्याच्या फडावर, कोपीत असते. निघण्यापूर्वी तिचे कार्ड तिच्या हाती द्यायचे, त्यावर सिस्टरचा आणि आशाताईचा फोन नंबर लिहायचा, परतल्यावर चुकलेला डोस द्यायचा, हे सारे एका दिवसाच्या भेटीत शिकता येणारे नाही.

गावाकडून शिकण्याची परंपरा आपल्याकडे नाही असेही नाही. भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केले आणि निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केले. पुढे देशोदेशींचे शिकणारे याच बायकांपुढे येऊन बसले. आपल्याच जिल्ह्यात, अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने अल्पशिक्षित स्त्रियांमधून ‘भारतवैद्य’ घडवल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी-सास्तूरचा पट्टा उद्ध्वस्त झाला, तेव्हा जखम बांधणाऱ्या हातांइतकीच शेजारी बसून ऐकून घेणाऱ्या माणसाची गरज होती, हे या भागाने सोसून जाणले आहे.

यावर कोणी म्हणेल, सिस्टरला वेळ आहे कुठे? आक्षेप खरा आहे. सपाटीवरच्या एका उपकेंद्राखाली सुमारे ५ हजार लोकसंख्या धरलेली असते. रजिस्टरे, ऑनलाइन नोंदी, मोहिमा यांत तिचा दिवस जातो. त्यात मुली येतात त्या तिच्यावर आणखी एक बोजा म्हणूनच. कारण शिकवण्याचे काम तिच्याकडून करून घेतले जाते, पण ती शिक्षिका म्हणून कुठेच धरली जात नाही. तिला मानधन द्यावे, शिकवण्याच्या दिवसांपुरते तिचे नोंदींचे ओझे हलके करावे आणि मुलीच्या मूल्यमापनात तिच्या शब्दाला वजन असावे.

मुलीला एका दिवसात वीस घरे फिरवण्यापेक्षा पाचच घरे नेमून द्यावीत आणि गरोदरपणापासून बाळाच्या लसींपर्यंत त्या घरांचा माग तिला ठेवू द्यावा. घरात जे तपासले त्याचा अर्थ त्या घराला सांगितलाच पाहिजे. बाईची संमती आणि सिस्टरची उपस्थिती यांशिवाय तिच्या अंगावर सराव होता कामा नये. गरिबीमुळे कुणाचे शरीर सरावाला मोकळे होत नाही. यासाठी मुलींना गावात राहावे लागेल. मग कडी लागणारे दार, पाणी आणि शौचालय असलेली खोली हवी. लेकीला अनोळखी गावी ठेवताना आई-बापांचा जीव खालीवर होतो, त्याला भित्रेपणा म्हणू नये.

आज केस बुक भरणारी मुलगी उद्या एखाद्या उपकेंद्रात एकटी असेल. मध्यरात्री दार वाजेल, दारात कळा देणारी बाई असेल आणि बरोबर घाबरलेली माणसे. पुढे पाठवायचे की नाही, हे तिला त्या क्षणी ठरवावे लागेल. तेव्हा केस बुक उपयोगी पडणार नाही, एखाद्या सिस्टरच्या शेजारी उभे राहून पाहिलेलेच आठवेल.

अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांत खंडोबाची मूर्ती आळीपाळीने वस्तीला असते आणि दोन्ही गावे देवाला आपलाच मानतात. परिचर्येच्या शिक्षणालाही वर्ग आणि गाव अशी दोन घरे हवीत. दुपारच्या एसटीची घाई ठेवून दुसरे घर आपले होत नाही.