आधी मोजपट्टी, मग माऊस

पडद्यावर एखादा हत्ती चालत येतो, त्याच्या पावलांखालची धूळ उडते, आणि हा हत्ती जंगलात जन्मलेला नसून संगणकात घडवलेला आहे, हे आता तुम्हाला कोणी सांगावे लागत नाही. अशी त्रिमितीय चित्रे कशी घडवतात, ती हलती कशी करतात, हे आपणही शिकावे असे तुमच्यापैकी अनेकांना वाटत असेल. पण त्याबरोबर दुसराही एक विचार मनात येतो. हे पुण्या-मुंबईच्या मुलांचे काम. त्याला महागडा संगणक हवा, भरपूर फी घेणारा क्लास हवा. आपल्या गावात यातले काय आहे?

हा विचार चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. या विद्येचा पाया मोजण्यात आणि निरीक्षण करण्यात आहे, आणि तो नववी-दहावीच्या वर्गात, कोणत्याही गावात घालता येतो. ज्याने तो घातला नाही त्याला उत्तम संगणक मिळूनही फारसे साधत नाही. कसे ते पाहू.

नंदुरबार तालुक्यात रनाळे नावाचे गाव आहे. तुम्ही तेथील शाळेत नववीत शिकता असे समजा. घरात पाण्याचा माठ आहे, शेताच्या बांधावर आंब्याचे झाड आहे, आणि कोणाच्या तरी खळ्यात लाकडी चाकांची जुनी बैलगाडी उभी आहे. आपल्याला एवढे साहित्य पुरे आहे. शिवाय एक मोजपट्टी, थोडी सुतळी आणि आलेखवही घ्या.

प्रथम माठ. तळापासून दर दोन सेंटिमीटर उंचीवर माठाभोवती सुतळी गुंडाळा आणि तिची लांबी मोजा. हा झाला त्या ठिकाणचा परीघ. परिघावरून त्रिज्या काढणे तुम्हाला येतेच. परीघ ८८ सेंटिमीटर भरला तर त्रिज्या १४ सेंटिमीटर. आता आलेखवहीवर उभ्या अक्षावर उंची आणि आडव्या अक्षावर त्रिज्या घेऊन बिंदू मांडा व ते जोडा. माठाची अर्धी बाह्यरेषा तयार झाली. ही रेषा उभ्या अक्षाभोवती फिरवली की पूर्ण माठ उभा राहतो. कुंभाराचे चाक हेच करते, आणि त्रिमितीय चित्रे घडवणाऱ्या प्रत्येक मोठ्या संगणक-प्रणालीत नेमकी हीच आज्ञा असते.

बाह्यरेषेवर १६ बिंदू घेतले आणि ती २४ टप्प्यांत फिरवली, तर १६ गुणिले २४ म्हणजे ३८४ बिंदू होतात. कागदावरच्या बिंदूला दोन निर्देशक असतात. येथे खोली दाखवण्यासाठी तिसरा येतो, एवढाच फरक. हे शिरोबिंदू कडांनी जोडायचे आणि कडांमधल्या जागा पृष्ठांनी भरायच्या. संगणकातला हत्ती काय किंवा राजवाडा काय, पुष्कळदा असाच शिरोबिंदू, कडा आणि पृष्ठे यांचा बनलेला असतो. निर्देशक भूमितीचा पाठ कशासाठी आहे, असे विचारणाऱ्याला हे एक चांगले उत्तर आहे.

आलेखवहीचे हे काम कोणाला पोरकट वाटेल. म्हणून एक प्रसिद्ध उदाहरण सांगतो. १९७५ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात मार्टिन न्यूवेल या संशोधकाला संगणकीय चित्रांच्या प्रयोगासाठी एक वस्तू हवी होती. त्याने घरातली चहाची किटली समोर ठेवली, आलेख कागदावर तिचे चित्र काढले, आणि त्यावरून मोजलेले बिंदू संगणकात भरले. ती ‘युटाची किटली’ पुढे जगभरच्या अभ्यासकांनी वापरली, आणि मूळ किटली आज कॅलिफोर्नियातील संगणक-संग्रहालयात जपून ठेवली आहे. या शास्त्रातल्या सर्वांत गाजलेल्या प्रतिकृतीची सुरुवात कागद-पेन्सिलीने झाली, हे लक्षात ठेवा.

आता हालचालीकडे वळू. चित्रपटात साधारणपणे एका सेकंदाला २४ स्थिर चित्रे आपल्या डोळ्यांपुढून जातात. या प्रत्येक चित्राला चौकट म्हणतात. चित्रकाराने पहिली आणि शेवटची अशा मुख्य चौकटी ठरवल्या की मधल्या चौकटी संगणक भरून काढतो. येथेच पुष्कळांची फसगत होते. आंब्याच्या ४.९ मीटर उंच फांदीवरून कैरी पडते असे दाखवायचे आहे. हवेचा विरोध सोडून दिला तर तिला जमिनीवर यायला एक सेकंद लागतो. पाव सेकंदाला, म्हणजे सहाव्या चौकटीत, ती सुमारे ३१ सेंटिमीटर खाली आलेली असते. बाराव्या चौकटीत १ मीटर २३ सेंटिमीटर, अठराव्या चौकटीत २ मीटर ७६ सेंटिमीटर, आणि चोविसाव्या चौकटीत जमिनीवर. हे प्रमाण १ : ४ : ९ : १६ असे आहे. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पाठात तुम्ही हेच शिकता.

संगणकाला मात्र ती वस्तू कैरी आहे हे ठाऊक नसते. ब्लेंडर नावाच्या प्रणालीत फक्त दोन मुख्य चौकटी देऊन बाकी काही बदलले नाही, तर वस्तू सुरुवातीला हळू, मध्ये वेगाने आणि शेवटी पुन्हा हळू सरकते. कैरी जमिनीजवळ आल्यावर विमानासारखी अलगद उतरते! ज्याने केवळ बटणे पाठ केली आहेत त्याला काहीतरी बिघडले एवढेच जाणवते; ज्याला वर्गांचे प्रमाण माहीत आहे तो चूक शोधून दुरुस्त करतो.

बैलगाडीचेही तसेच. चाकाचा व्यास १.४ मीटर असेल तर परीघ ४.४ मीटर. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात गाडी ४.४ मीटर पुढे गेली पाहिजे. चित्रात ती तीनच मीटर गेली, तर चाक जागच्या जागी घसरल्यासारखे दिसते. एका फेऱ्याला चार सेकंद धरले तर ९६ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत चाक ३.७५ अंशांनी फिरवायचे. आणखी एक गंमत पाहा. चाकाला १२ आरे असतील तर दोन आऱ्यांमध्ये ३० अंशांचा कोन असतो. गाडी भरधाव सोडली आणि प्रत्येक चौकटीत चाक बरोबर ३० अंश फिरले, तर ते थांबलेले दिसते. २७ अंश फिरले तर उलटे फिरताना दिसते. असे का, ते स्वतः आकृती काढून ठरवा.

निरीक्षणाची ही परंपरा आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी, १९१२ मध्ये, कुंडीत वाटाणा लावला आणि रोपाची वाढ महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट करून टिपली. ‘अंकुराची वाढ’ हा तो लघुपट. १९१५ मध्ये त्यांनी आगकाड्या थोड्या थोड्या सरकवून ‘आगकाड्यांची मौज’ दाखवली. यंत्र साधे होते. चिकाटी आणि हिशेब मात्र चोख होता.

काही जण म्हणतील, “कागदावर कोणी पोहायला शिकतो का?” आक्षेप रास्त आहे. हात बसण्यासाठी संगणकावर बरेच तास घालवावेच लागतात, आणि ते सर्वांना सारखे मिळत नाहीत. पण शाळेत एकच संगणक असला आणि आठवड्यातून अर्धा तास वाट्याला आला, तर ज्याच्या वहीत मापे तयार आहेत त्याचा अर्धा तास सार्थकी लागतो. प्रणालीसाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. नेदरलँड्समधील टॉन रोझेनडाल यांची ब्लेंडर ही प्रणाली २००२ पासून सर्वांसाठी मुक्त व मोफत आहे. त्याच प्रणालीवर घडवलेल्या ‘फ्लो’ या चित्रपटाला २०२५ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले.

विजेची अडचण खरी आहे. दहा सेकंदांच्या चित्रपटाला २४० चौकटी लागतात; एकेक तयार होण्यास दोन मिनिटे लागली तर एकूण आठ तास. मध्येच वीज गेली तर? म्हणून सबंध चित्रपट एकदम न साठवता प्रत्येक चौकट वेगळे चित्र म्हणून साठवावी. मग फार तर एक चौकट वाया जाते, आणि काम थांबले तेथून पुढे चालू करता येते.

आता तर एक वाक्य लिहिले की संगणक हलते चित्र काढून देतो. मग हे सारे कशाला शिकायचे? त्या चित्रातली कैरी बरोबर पडते की नाही, चाक घसरते की फिरते, हे ओळखणारा डोळा तरी हवाच. तो विकत मिळत नाही.

शिक्षकांना एक विनंती आहे. हा विषय ‘संगणकाचा तास’ म्हणून बाजूला ठेवू नका. माठ गणिताच्या तासाला मोजा, कैरी विज्ञानाच्या तासाला पाडा, बैलगाडी चित्रकलेच्या तासाला काढा. आणि थोड्याच दिवसांत ॲनिमेशन शिकवतो अशी जाहिरात पाहून एखादा पालक घरची पुंजी मोडायला निघाला, तर मुलाची आलेखवही आधी पाहा, असे त्याला जरूर सांगा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, संगणकाची वाट पाहत बसू नका. आज संध्याकाळी सुतळी घ्या आणि घरातला माठ मोजा. मात्र आधी आईची परवानगी घ्या, आणि माठ फोडू नका!