धूर बघा, साल काय बघता?

दादा गेल्यावर त्यांची स्प्लेंडर गोठ्याच्या भिंतीला टेकून चार वर्षं उभी होती. २००४ची, एमएच २५, काळी. सीटवर कोंबड्या बसायच्या आणि डाव्या पॅनलच्या आत गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं. याच गाडीला दोन कॅन अडकवून दादा रोज पहाटे कळंबला दूध घालायचे. भंगारवाल्याने साडेतीन हजार सांगितले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "देऊन टाका भाऊजी, बघवत नाही." पुतण्या कळंबला कॉलेजात शिकतो. त्याचं म्हणणं, नवीनच घेऊ, छत्तीस हप्ते. यंदा सप्टेंबरच्या पावसाने सोयाबीन शेतातच कुजलं, मग हप्ता कशातून भरायचा, ते काही त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. गाडी टेम्पोत घातली आणि ढोकी रोडला मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीने आधी प्लग काढला, त्याच्या भोकावर अंगठा ठेवला आणि पुतण्याला म्हणाला, "मार किक." हवेने अंगठा उडायला हवा होता, पण नुसता फुसकारा आला. मग त्याने भोकातून चमचाभर ऑइल सोडलं आणि पुन्हा किक मारायला लावली. या खेपेला अंगठा उडाला. "व्हॉल्व्ह बरे हायेत सर. रिंगा गेल्यात. हाफ इंजिन काम." ऑइलने रिंगांच्या फटी घटकाभर बुजतात, म्हणून दाब वाढतो, दोष व्हॉल्व्हचा असता तर ऑइल घालूनही फरक पडला नसता. मी पंचवीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवतो, पण दाबाचा धडा इतका नेमका मला कधी घेता आला नाही.

ब्लॉक लेथवर गेला, बोअर पाव मिलिमीटर मोठा झाला, त्या मापाचा पिस्टन आला. टाकीत गंज होता. मिस्त्रीने आत मूठभर नट आणि थोडं पेट्रोल टाकून टाकी पुतण्याच्या हातात दिली आणि अर्धा तास हलवत बसायला सांगितलं. पोरगं रडकुंडीला आलं. लालभडक पाणी निघालं, जणू काव कालवली होती.

खरं दुखणं कार्बोरेटरमध्ये होतं. खालची वाटी उघडली तर तळाशी शिळ्या पेट्रोलचा पिवळा, काकवीसारखा थर आणि त्यावर पांढरी भुकटी. स्लो जेटचं भोक उजेडाकडे धरून पाहिलं तर उजेडच दिसेना. पुतण्या क्लच केबलची तार घेऊन सरसावला. मिस्त्रीने त्याच्या हातावर चापटच मारली. पोलादी तार भोक मोठं करते आणि मग गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. त्याने वायरीतला तांब्याचा एक धागा सोलून काढला आणि सुईत दोरा ओवावा तसा जेटमधून ओढला. पुढे प्लगची फट त्याने आरी पात्याने तपासली. पातं साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचं, आणि फट ०.६ ते ०.७ हवी. आता पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. तेव्हा गाडी महिनाभर उभी ठेवायची तर कॉक बंद करून ती बंद पडेपर्यंत चालू ठेवायची, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो, असं त्याने बजावलं. इथेनॉल कशाचं, तर उसाचंही, म्हणजे आमच्याच रानातलं. तक्रार कुणाकडे करता?

चेन-सॉकेट, क्लच प्लेटा, ब्रेक लायनर, दोन टायर, बॅटरी आणि मजुरी धरून ११,४०० रुपये झाले. एकही भाग लातूरहून मागवावा लागला नाही. १९८५ला सीडी १०० आली, १९९४ला स्प्लेंडर, आणि ते ९७.२ सीसीचं इंजिन मूळ बांधणीत तेच राहिलं. मधे हिरो आणि होंडा वेगळे झाले, पण पिस्टन कळंबच्या दुकानात मिळायचा थांबला नाही. शेतकऱ्याच्या घरी ही गाडी टिकली त्याचं खरं कारण हे, जाहिराती नंतरच्या.

इथवर सगळं सुरळीत. मग कागद काढले.

दुचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ला ३०० रुपयांवरून १००० झाली. ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ती २००० केली. पर्यावरण कर वेगळा, उशिराचा दंड वेगळा, उच्च सुरक्षा पाटीचे ४५० आणि त्यावर जीएसटी वेगळा. वारसाच्या नावावर करायची तर त्याचे कागद आणखी. फी वाढून महिना होतो न होतो तोच, २२ सप्टेंबरला, नव्या छोट्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८वर आला. सुट्या भागांवरचाही उतरला हे सांगितलं पाहिजे, नाहीतर मिस्त्री मलाच दुरुस्त करील. तरी कल स्पष्ट आहे. नवी घेणाऱ्याची पाठ थोपटायची आणि जुनी नीट करणाऱ्याला दर पाच वर्षांनी चाप लावायचा.

जुन्या गाड्या धूर सोडतात, म्हणून हे करावं लागतं, असं सांगतात. मग धूरच मोजा की! त्याचं यंत्र नाक्यानाक्यावर आहे. २०००नंतरच्या या जातीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के. दादांची गाडी निम्म्याच्याही खाली आली. आमच्या गल्लीत आठ वर्षांची एक गाडी आहे, ती गेली की दारातले कपडे पुन्हा धुवावे लागतात. कागदावर ती तरुण, म्हणून तिला ना नूतनीकरणाची फी, ना पर्यावरण कर. बीएस-६ गाडी आमच्यापेक्षा स्वच्छ आहे, मान्य. चेसिसला चीर गेलेली, इंजिन नंबर खोडलेली गाडी भंगारातच जावी, हेही मान्य. पण नूतनीकरणाच्या वेळी गाडी तपासतातच, तर फी त्या तपासणीवर ठरवा. धूर, ब्रेक, दिवे ठीक असतील त्याला जुनेच ३०० लावा. नापास होईल त्याला हवे तेवढे लावा. आज ११,४०० खर्चून गाडी नीट करणारा आणि हात न लावता तशीच दामटणारा, दोघांना दर एकच आहे. म्हणून पुष्कळ जण नूतनीकरणाच्या वाटेलाच जात नाहीत. ते आडरस्त्याने, विम्याशिवाय फिरतात. कुणाला धडक बसली तर भरपाईची बोंब.

आणखी एक. २०२०पासून बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच नाही. मिस्त्रीकडची पोरं आता ती वाटी उघडायला शिकत नाहीत आणि त्यांची चूकही नाही. तांब्याचा धागा ओवणारे हात अजून दहा-पंधरा वर्षं आहेत, तोवर तरी त्यांच्याकडे गाडी नेणाऱ्याला दंड नको.

पैसे मी भरले. नवा बोअर म्हणून पहिले ५०० किलोमीटर चाळिसाच्या पुढे जायचं नाही, अशी मिस्त्रीची सक्त ताकीद आहे. परवा पुतण्याचा ढोकी रोडवरून फोन आला, आवाज पार पडलेला. "काका, उसाचा ट्रॅक्टर मला ओव्हरटेक करून गेला."

रिकामा होता का भरलेला, एवढंच मी विचारलं.

"भरलेला."

अजून सव्वातीनशे किलोमीटर बाकी आहेत.