बियाणें कोणाचें आणि नांव कोणाचें?

आंदर मावळांतील शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, भाताची झोडणी होऊन नवा तांदूळ चुलीवर चढला कीं इंद्रायणीच्या वासानें आपलें घर भरून जातें. पुण्याचें गिऱ्हाईक तो तांदूळ हौसेनें नेतें आणि जातां जातां विचारतें, "ही इंद्रायणी काढली कोणीं?" आपण सांगतों, "सरकारनें." कागदावर तें खोटें नाहीं. वडगांव मावळच्या संशोधन केंद्रांतून हें वाण १९८७ सालीं बाहेर पडलें. तेथील शास्त्रज्ञांनीं मेहनत केली, तिचें मोल आम्ही कमी करीत नाहीं. पण इंद्रायणीचे आईबाप कोण? एक फिलिपाईन्सच्या संस्थेंतला आयआर ८ आणि दुसरा आपला आंबेमोहर. आयआर ८ कोठें झाला, कोणत्या सालीं झाला, कोणकोणत्या भातांपासून झाला, हें सर्व छापलेलें आहे. आंबेमोहराचा वास पिढ्यान्‌पिढ्या कोणीं जपला, तें कोठें छापलें आहे? कापणीच्या वेळीं भरदार लोंब्या बाजूला काढून बियाण्यासाठीं जपून ठेवणारी आपली आजी-पणजी कोणाच्या वहींत आहे?

यावर शहाणे लोक म्हणतात, "अहो, शेतकरी करतो ती मेहनत आणि शास्त्रज्ञ करतो तें संशोधन." हा भेद कोणीं पाडला, आणि त्यापासून फायदा कोणाचा झाला, हेंच आज विचारावयाचें आहे.

जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' छापली, ती अमेरिकेंतील काळ्या गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केली. तिकडचें दुःख आणि इकडचें दुःख एकाच जातीचें आहे, हें त्यांना दिसलें होतें. तें किती खरें होतें तें पाहा. त्या देशांत मिसिसिपी प्रांतांत नेड नांवाचा एक गुलाम कारागीर होता. कपाशीची ओळ एकदम दोन्ही बाजूंनीं साफ करणारें औत त्यानें तयार केलें. त्याचा मालक सरकारदरबारीं गेला आणि म्हणाला, गुलामाच्या हातांची कमाई माझी, तशी त्याच्या डोक्याची कमाईहि माझीच. तेव्हां सनद मला द्या. १८५८ सालीं सरकारी कायदेपंडितानें निकाल दिला कीं, गुलाम हा नागरिक नव्हे, म्हणून त्याला सनद नाहीं. आणि शोध मालकानें लावला नाहीं, म्हणून मालकालाहि नाहीं. झालें! मालकानें सनदेवांचून औतें विकलीं. नेडला काय मिळालें? ज्या कायद्यापुढें तो माणूसच नव्हता, त्यानें त्याला काय द्यावें?

वाचकहो, हंसूं नका. दासानें मिळविलेलें धन ज्याचा तो दास त्याचें, असा नियम आपल्याकडे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत केव्हांच लिहून ठेवलेला आहे. मिसिसिपीच्या त्या मालकानें ती वाचली नसेल. पण गुरु एकच असावा!

गुलामगिरी कायद्यानें गेल्यावर काय झालें, तें आपल्या चर्मकार बंधूंनीं विशेष लक्ष देऊन ऐकावें. जान मॅट्झेलिगर हा सुरीनाम देशांत काळ्या आईच्या पोटीं १८५२ सालीं जन्मलेला तरुण, अमेरिकेंत लिन गांवीं जोड्यांच्या कारखान्यांत राबत होता. जोड्याचें वरचें कातडें लांकडी कालबुतावर ताणून तळाला बसविणें, हें काम तेव्हां हातानेंच होई. कसलेला कारागीर दिवसाकांठीं पन्नासएक जोड करी, आणि हें काम यंत्राला जमणारच नाहीं अशी सर्वांची खात्री होती. या गड्यानें दिवसभर राबून रात्रीं जागून, मोडक्यातोडक्या सामानावर तें यंत्र जमविलें. त्याचे नकाशे सरकारी कचेरींत कोणाला उलगडेनात, तेव्हां एक अधिकारी मुद्दाम लिनला येऊन यंत्र डोळ्यांनीं पाहून गेला. २० मार्च १८८३ रोजीं सनद मिळाली. (आपल्या जोतीरावांचा 'शेतकऱ्याचा असूड' त्याच वर्षींचा.) यंत्र दिवसाला दीडशेंपासून सातशेंपर्यंत जोड काढूं लागलें, आणि जोडे निम्म्या किंमतीला आले. पैसा कोणाचा झाला? भांडवल घालणाऱ्यांचा. मॅट्झेलिगर १८८९ सालीं क्षयानें वारला. वय अवघें छत्तीस. आणि हातानें कातडें ताणणारे ते कारागीर? त्यांचा भाव गेला.

कोणी म्हणेल, हें सातासमुद्रांपलीकडचें. तर मग चंद्रपूर जिल्ह्यांत चला. नागभीड तालुक्यांतील नांदेड गांवचे दादाजी रामाजी खोब्रागडे, दलित समाजाचे, शाळा तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ सालीं त्यांच्या शेतांत 'पटेल ३' भात उभें होतें. त्यांत कांहीं लोंब्या वेगळ्या, पिवळसर दिसल्या. दुसऱ्यानें त्या कापून भाऱ्यांत घातल्या असत्या. दादाजींनीं त्या निराळ्या ठेवल्या, पेरल्या, निवडल्या, पुन्हां पेरल्या. वर्षामागून वर्षें हेंच केलें. दाणा बारीक, उतारा चांगला, भात चवदार. तेव्हां एचएमटीच्या घड्याळांची चलती होती, म्हणून बाजारांत या भातालाहि 'एचएमटी' हेंच नांव पडलें. १९९४ सालीं कृषि विद्यापीठाच्या लोकांनीं प्रयोगासाठीं त्यांच्याकडून पांच किलो बियाणें नेलें, आणि १९९८ सालीं 'पीकेव्ही-एचएमटी' नांवानें विद्यापीठाचें वाण जाहीर झालें. विद्यापीठ म्हणतें, शुद्धीकरण आम्हीं केलें. केलें असेल! सोनार सोनें शुद्ध करतो, म्हणून खाण त्याची होते काय?

दादाजी एवढ्यावर थांबले नाहींत. नांदेड ९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपकरत्न, डीआरके, अशीं आणखी वाणें त्यांनीं काढलीं. पुढें राष्ट्रपतींच्या हस्तें सत्कार झाला, राज्य सरकारनें कृषिभूषण केलें, 'फोर्ब्स' या अमेरिकन मासिकानें २०१० सालीं नांव छापलें. शाली मिळाल्या, नारळ मिळाले. बियाण्याच्या धंद्यांतला वाटा मिळाला नाहीं. ३ जून २०१८ रोजीं ते गरिबींतच गेले. आंधळें दळतें आणि पीठ भलताच खातो, याहून निराळें हें काय?

आतां घरचें पाहूं. १९२२ सालीं ठोकळवाडीचें धरण झालें. आपल्या आंद्रा नदीचें पाणी घाटाखालीं भिवपुरीला सोडून वीज काढली आणि ती मुंबईला गेली. खोरें बुडालें आपलें, चाकें फिरलीं गिरण्यांचीं. त्यानंतर नवलाख उंबऱ्याकडे कारखाने आले. कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोणाचा दाराशीं ट्रॅक्टर आला. पण तळेगांवचा एक मोठा परदेशी मोटार-कारखाना २०२० च्या अखेरीस उत्पादन थांबवून मोकळा झाला, तेव्हां कामगारांच्या हातीं काय राहिलें, हें त्या घरांना विचारा. यंत्राला शिव्या देणारांतले आम्ही नाहीं. लावणीच्या चिखलांत कंबर मोडून घेणाऱ्या बाईला लावणीचें यंत्र मिळावें, अशीच आमची इच्छा आहे. पण तें यंत्र तिच्या मालकीचें असावें. नाहीं तर कंबर वांचेल आणि मजुरी जाईल.

आपल्यांतले कांहीं शिकलेले तरुण म्हणतात, "कायदा श्रीमंतांचा, आपलें काय चालणार?" बाबांनो, हें रडगाणें पुरे झालें! शेतकऱ्याच्या वाणाचा कायदा २००१ सालीं झालेला आहे. शेतकऱ्यानें जपलेलें किंवा काढलेलें वाण त्याच्या नांवें नोंदतां येतें. त्या कामीं प्राधिकरणापुढें त्याला फी पडत नाहीं. घरचें बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्कहि त्यांत आहे. छापाची पिशवी करून नोंदलेलें वाण विकण्यास तेवढी मनाई. एकेचाळिसावें कलम तर गांवाचें आहे: एखादें वाण घडण्यांत गांवच्या लोकांचा हातभार असेल, तर गांवाच्या वतीनें कोणीहि दावा सांगूं शकतो. आंबेमोहर आणि आपलीं गांवें यांच्यासाठींच हें कलम लिहिलें कीं काय, असें वाटावें! पण दावा सांगण्यास पुरावा लागतो, आणि आपला पुरावा म्हाताऱ्यांच्या तोंडांत आहे.

तेव्हां या सुगींत प्रत्येक गांवच्या शाळेंत जाणाऱ्या एका तरी मुलीनें एक वही करावी. जुनें भात कोणाच्या घरीं आहे, तें कोणीं कोणाकडून आणलें, कोणत्या खाचरांत चांगलें येतें, त्याची लोंबी कशी ओळखावी, हें आजीला विचारून आजीच्या नांवासह लिहावें. लोहार-सुतारांनीं आपण बदललेल्या पाभरीचें, कुळवाचें चित्र काढून खालीं तारीख आणि स्वतःचें नांव घालावें. ग्रामसभेंत ती वही वाचून ठराव करावा, ठरावाची नक्कल तालुक्याच्या कृषि अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवावी आणि पोंच घेतल्याशिवाय उठूं नये.