संरक्षण कुणाचं? किनाऱ्यावरच्या बायकांचा हिशेब

2025 च्या जून महिन्यातली गोष्ट. श्रीवर्धन तालुक्यातल्या एका कोळीवाड्यात आमच्या गटाची बैठक होती. विषय साधा होता. अंगणवाडीचा पत्रा गळतो, पोरांना एका कोपऱ्यात बसवावं लागतं, तेव्हा अर्ज कुणाकडे द्यायचा आणि कुणी जायचं. दारात गावातला एक शिकलेला तरुण उभा होता. चांगला मुलगा, अडीअडचणीला धावून येणारा. तो म्हणाला, "मावशी, देश युद्धाच्या तोंडाशी उभा आहे आणि तुम्ही पत्र्याचं काय घेऊन बसलात? आधी देश वाचला पाहिजे."

सगळ्याजणी गप्प झाल्या. मासळी विकून केस पांढरे झालेली आमच्यातली एक आजी तेवढी म्हणाली, "देश म्हंजे कुठला रे बाबा? आमचा वाडा त्यात येतो ना?" बायका हसल्या. पण बैठक तिथेच विस्कटली आणि अर्ज त्या दिवशी लिहिला गेला नाही. मीही त्या मुलाला उत्तर दिलं नाही. वीस वर्षं बायकांना 'बोला, बोला' म्हणून सांगणारी मी, 'संरक्षण' हा शब्द आल्याबरोबर माझीच जीभ टाळ्याला चिकटली. का? तर तो विषय आपला नाही, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. स्वयंपाक बाईचा आणि सीमा पुरुषाची. त्या दिवशी दिलं नाही ते उत्तर आज लिहिते आहे.

सुरुवात आमच्याच तालुक्यापासून करते. शेखाडी हे श्रीवर्धन तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. फेब्रुवारी 1993 मध्ये तिथे आरडीएक्स उतरवलं गेलं आणि 12 मार्चला मुंबईत स्फोट झाले. 257 माणसं मेली. तेव्हा देशाकडे विमानवाहू जहाजं होती, पाणबुड्या होत्या, लढाऊ विमानं होती. मग माल उतरला कसा? पैसे घेऊन वाट मोकळी करून देणारे पोलीस आणि कस्टमचे अधिकारी होते म्हणून उतरला. त्यांच्यातले कित्येक पुढे टाडा न्यायालयात दोषी ठरले. लाचखाऊ माणसाला अडवणारं विमान अजून कुठल्या कारखान्यात तयार झालेलं नाही.

त्याच वर्षी नौदल, तटरक्षक दल आणि कस्टम यांनी मिळून या किनाऱ्यावर 'ऑपरेशन स्वान' नावाची गस्त सुरू केली. 2005 मध्ये केंद्राची सागरी सुरक्षा योजना आली. तरीही नोव्हेंबर 2008 मध्ये दहाजण पोरबंदरची 'कुबेर' ही मच्छीमार बोट पळवून मुंबईपर्यंत आले आणि रबरी होडीतून बधवार पार्कच्या कोळीवाड्यात उतरले. त्यांना उतरताना पाहिलं ते तिथल्या कोळी माणसांनी. त्यांत एक बाई होती. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रं आली, बोटींची तपासणी वाढली. ते ठीकच झालं. पण ज्यांच्या डोळ्यांनी पाहिलं त्यांनाच आधी संशयित धरायचं, ही पद्धत तेव्हापासून पक्की झाली.

तिसरी गोष्ट ताजी. 18 ऑगस्ट 2022 रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला 'लेडी हान' नावाची एक बोट लागली. आत कुणी नव्हतं, तीन एके-47 रायफली मात्र होत्या. दहीहंडीच्या आदल्या दिवशी सगळा जिल्हा हादरला. पुढे विधानसभेत सांगण्यात आलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईच्या मालकीची आहे, मस्कतहून युरोपला जाताना 26 जूनला तिचं इंजिन बिघडलं, माणसांना वाचवण्यात आलं आणि बोट तशीच वाहत राहिली. घातपात नव्हता हे आपलं नशीब. पण विचार करा, रायफली घेतलेली एक रिकामी बोट सात आठवडे समुद्रात भरकटली आणि आमच्या वाळूला लागेपर्यंत तिला कुणी अडवलं नाही. तीही ज्या तालुक्यात शेखाडी आहे, त्याच तालुक्यात!

आता पैशाकडे वळू. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणासाठी 6 लाख 81 हजार कोटी रुपये ठेवले होते. सगळा पैसा तोफा-विमानांचा नव्हे, हे आपण प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. जवळजवळ एक चतुर्थांश रक्कम पेन्शनची आहे. पगार आहेत, रेशन आहे. आमच्याच जिल्ह्यात महाड तालुक्यात फौजी आंबवडे नावाचं गाव आहे, जिथे घरटी कुणी ना कुणी फौजेत गेलेलं. त्या घरांतल्या बायकांचं पेन्शन कापा, असं मी कधीच म्हणणार नाही. माझा प्रश्न नवीन शस्त्रं आणि सामग्री विकत घेण्यासाठी ठेवलेल्या भांडवली रकमेबद्दल आहे. ती सुमारे 1 लाख 49 हजार कोटी होती. त्याच वर्षी केंद्राच्या साऱ्या आरोग्य मंत्रालयाला मिळाले सुमारे 1 लाख कोटी. महिला आणि बालविकास मंत्रालयाला 26,890 कोटी.

28 एप्रिल 2025 रोजी नौदलासाठी 26 राफेल विमानं घेण्याचा करार फ्रान्सशी झाला. किंमत सुमारे 63 हजार कोटी. त्यात शस्त्रं, प्रशिक्षण, देखभाल सगळं धरलेलं आहे आणि पैसे काही वर्षांत द्यायचे आहेत. तरी भागाकार करून पाहा. एका विमानाच्या वाट्याला 2,400 कोटींहून जास्त येतात. आणि 2025-26 साली देशातल्या सगळ्या मच्छीमारांसाठी, म्हणजे गुजरातपासून बंगालपर्यंतच्या सगळ्या किनाऱ्यांसाठी आणि नद्या-तलावांसाठी, केंद्राच्या मत्स्य खात्याची तरतूद होती सुमारे 2,700 कोटी. एक विमान आणि देशभरचे कोळी, जवळपास सारख्याच भावात!

अंगणवाडी सेविकेला केंद्राने ठरवलेलं मानधन 2018 मध्ये 4,500 रुपये झालं. नंतरच्या सात अर्थसंकल्पांत ते वाढलं नाही. राज्य सरकार वर भर घालतं, तीही मोर्चे काढल्यावर, संप केल्यावर, आझाद मैदानात उन्हात बसल्यावर. विमान विकणाऱ्या कंपनीला आझाद मैदानात बसावं लागत नाही.

कुणी म्हणेल, ही तुलनाच चुकीची आहे. शेजारी शस्त्रसज्ज असताना आपण अंगणवाड्या बांधत बसायचं काय? पहलगामला 22 एप्रिल 2025 रोजी 26 माणसं मारली गेली, त्यांत आमच्या पनवेलचा एकजण होता. त्या घरातल्या बाईसमोर हा हिशेब मांडाल काय?

मांडीन. सावकाश, तिचा हात हातात घेऊन, पण मांडीन. कारण त्या दिवशी नवरा गमावलेल्या एका तरुण मुलीने, ती नौदलाच्या अधिकाऱ्याची बायको होती, आपल्या सगळ्यांआधी बोलून दाखवलं. मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी, न्यायही हवा, असं ती म्हणाली. तिला काय मिळालं? मोबाइलवरून घाणेरड्या शिव्या. तिच्या कपाळाचं कुंकू पुसलं गेलं तोवर ती देशाची लेक होती. तोंड उघडल्याबरोबर ती बाजारबसवी ठरली. 7 मे रोजी सुरू झालेल्या कारवाईला 'सिंदूर' हे नाव दिलं गेलं. बाईचं कुंकू झेंड्यासारखं वापरायला चालतं. त्या बाईचं मत मात्र चालत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्याला वारंवार दाखवली जाते. बघा, आता बायका लढाऊ विमानं चालवतात! 2016 पासून चालवतात, मे 2025 मध्ये राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडीही बाहेर पडली. ज्या मुलींनी हे मिळवलं त्यांचं मला कौतुक आहे. कायम कमिशनसाठी त्यांच्या आधीच्या बायकांना सुप्रीम कोर्टापर्यंत भांडावं लागलं, निकाल लागला 2020 मध्ये. पण त्याच मे महिन्यात कर्नल सोफिया कुरेशी देशाच्या वतीने पत्रकारांसमोर बसल्या आणि काही दिवसांतच मध्य प्रदेशच्या एका मंत्र्याने त्यांच्या धर्मावरून जाहीर सभेत अपमानकारक भाषा केली. गुन्हा नोंदवायला हायकोर्टाला सांगावं लागलं. गणवेश चढवला म्हणून बाईचं बाईपण आणि मुसलमान बाईचं मुसलमानपण कुणी विसरत नाही. आणि काही मुलींना विमानात जागा मिळाली म्हणून विमानाच्या किमतीबद्दल बाकीच्यांनी गप्प बसावं, असंही ठरत नाही.

आमच्या किनाऱ्यावर धोका कुठून येतो, ते बायकांना विचारलं तर त्या काय सांगतात? 3 जून 2020 म्हणतात. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. पिढ्यांनी वाढवलेल्या सुपारीच्या बागा एका दुपारी झोपल्या. छपरं उडाली, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. सुपारीचं झाड पुन्हा फळाला यायला वर्षं लागतात. तोवर सुपारी सोलून घर चालवणाऱ्या बाईने काय सोलायचं?

त्या एलईडी दिव्यांच्या बोटी म्हणतात. झगझगीत दिवे लावून मासे गोळा करायला केंद्राने 2017 मध्ये बंदी घातली. तरी बोटी येतात, रात्रीत समुद्र खरवडून नेतात आणि सकाळी आमच्या बाईच्या पाटीत काही पडत नाही. ही आमच्या समुद्रावरची चोरी नाही काय? ह्या चोरावर गस्त घालायला बोट नसते, डिझेल नसतं, माणूस नसतो.

आणि त्या बाळंतपण म्हणतात. आमच्या गटातल्या एकीच्या सुनेला पावसात कळा सुरू झाल्या. जवळच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर नव्हता. पुढे पाठवलं, तिथून आणखी पुढे. मूल जीपमध्येच झालं. दोघं वाचली ती जीपमध्ये बरोबर बसलेल्या म्हाताऱ्या सुईणीमुळे. तिचं नाव कुठल्याही खात्याच्या वहीत नाही.

उत्तरेला उरणला जा. करंजाला नौदलाचा शस्त्रसाठा आहे. त्याभोवतीच्या सुरक्षा पट्ट्याची अधिसूचना 1992 मध्ये निघाली आणि बोरी-पाखाडी, केगाव, म्हातवली इथल्या घरांवर तेव्हापासून टांगती तलवार आहे. शस्त्रसाठ्याजवळ वस्ती नको, हे समजतं. पण मग तीस वर्षांहून जास्त काळ त्या बायकांनी चूल मांडायची ती 'कधी पाडतील' या धास्तीत काय? त्यांना कुठे वसवणार, हे ठरवणंही संरक्षणातच येतं.

म्हणून मैत्रिणींनो, आपण हा विषय पुरुषांवर आणि तज्ज्ञांवर सोडून देऊ नये. फौज मोडा, असं आपण म्हणत नाही. आपण विचारतो ते एवढंच: कुणाला वाचवायचं, कशापासून, आणि त्याला खरोखर काय लागतं? शेखाडीला लागला असता तो प्रामाणिक पोलीस. बधवार पार्कला डोळे होते, पण त्यांचं ऐकणारा कान नव्हता.

आम्ही आमच्या गटात काही मागण्या ठरवल्या आहेत. तुमच्या गटात वाचून दाखवा, भर घाला. गावोगावच्या सागर रक्षक दलात बायकांना घ्या आणि त्या कामाला मानधन द्या. पहाटे चारला किनाऱ्यावर मासळी घ्यायला उभी राहणारी बाई ही सगळ्यांत जुनी पहारेकरीण आहे. बेकायदा मासेमारीवरची गस्त हा सागरी सुरक्षेचाच भाग धरा. वादळात टिकणारी निवारा-घरं आणि चोवीस तास डॉक्टर असलेला दवाखाना प्रत्येक किनारी तालुक्यात द्या. मोठ्या शस्त्रखरेदीचा हिशेब लोकांना समजेल अशा मराठीत छापा. बोफोर्सपासून राफेलपर्यंत प्रत्येक सौद्यावर वाद झाला, आणि किंमत विचारली की गुप्ततेकडे बोट दाखवलं गेलं. पैसा आपला असताना गुप्तता कुणापासून?

आणि आपल्यासाठी एक काम. 1 फेब्रुवारीला अर्थसंकल्प येतो. त्या आठवड्यात प्रत्येक गटाने एक बैठक फक्त त्यावर घ्यावी. पाटीवर पाच आकडे लिहा: संरक्षण, आरोग्य, शिक्षण, महिला-बालविकास, मासेमारी. शेजारी आपल्या गावातली पाच कामं लिहा. मग बायकांना बोलू द्या.

आम्ही ती बैठक घेतली. दारातल्या त्या मुलाला या वेळी आत बोलावून बसवलं आणि भागाकार त्याच्याकडूनच करून घेतला. तो बराच वेळ पाटीकडे बघत राहिला. पटलं असं काही तो म्हणाला नाही. पण अंगणवाडीच्या पत्र्याचा अर्ज त्याने आपल्या हाताने लिहिला आणि आजीने त्यावर पहिला अंगठा उठवला.