जमिनीतलं गरम पाणी: तापमानासोबत वायूही मोजा

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरण आणलं आणि लडाखमधल्या पुगा खोऱ्याचं नाव पुन्हा चर्चेत आलं. तिथल्या ओएनजीसीच्या 1 मेगावॉट प्रकल्पाचा करार 2021 मध्येच झालाय. चर्चा मात्र तापमानापाशीच थांबते. मी सॉफ्टवेअरवाला, मीही आधी तोच आकडा शोधला. पण विहीर कशी चालेल, हे पाण्यात विरघळलेला वायूही ठरवतो.

सोड्याची बाटली आठवा. झाकण घट्ट असेपर्यंत वायू पाण्यात दबून असतो, उघडलं की फसफसतो. विहिरीतही तेच. पाणी वर येताना दाब कमी होतो. कार्बन डायऑक्साइड भरपूर असेल, तर त्याचा दाब वाफेच्या दाबात मिळतो आणि बुडबुडे बरेच खोलवर सुटू लागतात. त्यामुळे पाणी जोरात वर येतं, हा फायदा. पण वायू निघून गेला की पाण्याची आम्लता घटते आणि विरघळलेला चुना पाइपला आतून चिकटतो. गीझरच्या कॉइलवर बसतो तसाच थर, फक्त जमिनीखाली शेकडो मीटरवर.

तुर्कस्तानातल्या किझिलदेरेला 1984 मध्ये वीजकेंद्र सुरू झालं. तिथल्या विहिरी चुन्याने तुंबायच्या, पुन्हा पुन्हा साफ कराव्या लागायच्या. आता यावर उपाय आहे: बुडबुडे सुटतात त्या जागेच्या खाली बारीक नळीने थर रोखणारं रसायन सोडतात.

पुढची अडचण कंडेन्सरमध्ये. वाफेचं पाणी होतं, या वायूचं होत नाही. तो साचला की टर्बाइनची ताकद घटते, आणि ओढून काढायला केंद्राचीच वाफ किंवा वीज खर्च होते. हवेत सोडला, तर ‘स्वच्छ’ ऊर्जा तेवढी स्वच्छ राहत नाही. किझिलदेरेत त्यातला काही वायू पकडून ड्राय आइस करतात. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात तो पाण्यात विरघळवून बेसाल्टमध्ये सोडला. दोन वर्षांच्या आत बहुतेक वायूचा दगड झाला.

2022 मध्ये पुग्यात खोदकाम सुरू असताना जमिनीतलं पाणी नाल्यात गेलं आणि काम थांबवावं लागलं. म्हणूनच माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक विहिरीच्या तापमानासोबत वायूचं प्रमाणही लोकांसमोर ठेवा. मेगावॉटचा हिशोब त्यानंतर करू.